पुण्यात .२२ रिमफायर पिस्तूल घ्यायचंय? आधी हात बघा, ब्रँड नंतर

पिस्तूल घ्यायचं डोक्यात आलं की पहिल्याच रात्री माणूस यूट्यूबवर जाऊन पार्डिनी भारी की वॉल्थर भारी हे बघत बसतो. हौस आहे, कळतं. पण निवडीचा क्रम तिथेच चुकतो. आपल्याकडे .२२ (म्हणजे साधारण .२२ इंच जाडीच्या काडतुसाचं) पिस्तूल घेताना पहिला प्रश्न रेंजचा, म्हणजे नेमबाजीच्या जागेचा, दुसरा परवान्याचा, तिसरा तुमच्या तळहाताचा, चौथा काडतुसांचा. ब्रँड त्यानंतर येतो आणि तोवर तुमच्यासमोर दोन-तीनच पर्याय उरलेले असतात. त्यामुळे हा लेखही त्याच क्रमाने.

नेमबाजी म्हणजे नक्की काय करायचंय?

पुण्यात हौशी नेमबाजी म्हणजे रेंजवर उभं राहून कागदी किंवा इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर नेम धरणं. मुळशीच्या फार्महाऊसवर बाटल्या फोडणं यात बसत नाही. एक तर ते कायद्यात अडकतं. दुसरं म्हणजे .२२ लाँग रायफलची (नाव रायफलचं असलं तरी या पिस्तुलांत हेच काडतूस वापरतात) गोळी दिसायला पेन्सिलीच्या टोकाएवढी असली तरी मोकळ्या रानात दीड किलोमीटरच्याही पुढे जाते. मागे मातीचा भक्कम बांध नसेल तिथे हे काडतूस उडवायचंच नाही.

‘नेमबाजीही होईल आणि घरात संरक्षणालाही राहील’ हा विचारही सोडा. टार्गेट पिस्तुलाची मूठ तुमच्या हाताला घट्ट बसवलेली असते, नळी-मूठ मिळून ते फूटभर लांबीचं धूड असतं आणि त्याची जागा कुलपात असते. दोन्ही कामं करणारं शस्त्र शोधाल तर एकही काम धड न करणारं मिळेल.

मग स्पर्धाप्रकार. २५ मीटर पिस्तूल हा महिलांचा ऑलिम्पिक प्रकार. आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलं ते यातच. तीस गोळ्या सावकाश नेमाच्या आणि तीस झटपट. झटपट भागात टार्गेट तीन सेकंद समोर येतं, सात सेकंद जातं. पुरुषांसाठी २५ मीटर रॅपिड फायर आहे. विजय कुमारचं २०१२च्या लंडन ऑलिम्पिकमधलं रौप्य त्यातलं. त्यात पाच टार्गेटांवर पाच गोळ्या आठ, सहा आणि शेवटी चार सेकंदांत मारायच्या असतात. स्टँडर्ड पिस्तूल ऑलिम्पिकमध्ये नाही, पण हौशी माणसाला मला तोच सगळ्यात जास्त शिकवणारा वाटतो. पाच गोळ्यांना आधी १५० सेकंद, मग २०, मग १०. या तिन्ही प्रकारांना एकच पिस्तूल चालतं, ही जमेची बाजू.

पिस्तुलाआधी रेंज

बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलातली रेंज २००८च्या राष्ट्रकुल युवा स्पर्धांच्या निमित्ताने उभी राहिली. तिथे १०, २५ आणि ५० मीटरची सोय आहे. गगन नारंगच्या ‘गन फॉर ग्लोरी’ अकादमीची सुरुवातही २०११मध्ये पुण्यातच झाली. शहरात खाजगी रेंज बऱ्याच निघाल्या आहेत, पण त्यातल्या बहुतेक दहा मीटरच्या एअर रेंज आहेत, म्हणजे हवेच्या दाबावर छर्रे मारणाऱ्या शस्त्रांपुरत्या. .२२ची परवानगी आणि २५ मीटरची जागा दोन्ही असलेली ठिकाणं मोजकी. घरापासून तिथवर जायला किती वेळ लागतो आणि आठवड्यातून किती वेळा जमेल, हे प्रामाणिकपणे ठरवा. संध्याकाळी हडपसरहून बालेवाडी गाठणाऱ्याला नेमबाजीपेक्षा ट्रॅफिकचाच सराव जास्त होतो.

सुरुवात एअर पिस्तुलानेच करा. ४.५ मिलिमीटरच्या, कमी ऊर्जेच्या एअर पिस्तुलाला शस्त्र परवाना लागत नाही. दुकानदार ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा मागतो. एका हाताने पिस्तूल स्थिर धरणं, माशीवर (नळीच्या पुढच्या टोकावरच्या नेमाच्या खुणेवर) नजर ठेवणं, ट्रिगर न हिसकता दाबणं हे सगळं इथे कमी खर्चात होतं. ज्याचा एअर पिस्तुलाचा गट (टार्गेटवर उमटलेल्या छिद्रांचा पुंजका) विखुरलेला आहे, त्याचा .२२चा गट आणखी विखुरतो, कारण त्यात धक्का आणि आवाजाची भर पडते. त्यानंतर क्लबचं .२२ वापरून बघा. क्लबचं शस्त्र क्लबच्या परवान्यावर असतं, त्यामुळे रेंजवर देखरेखीखाली सदस्याला ते वापरता येतं. निदान एक पावसाळा तरी क्लबच्या पिस्तुलावर काढावा, असं माझं मत.

परवाना: कागद आधी, लोखंड नंतर

शस्त्र अधिनियम १९५९ आणि शस्त्र नियम २०१६, ही दोन नावं लक्षात ठेवा. पुणे शहरात राहात असाल तर अर्ज पोलीस आयुक्तालयात. पिंपरी-चिंचवडला २०१८पासून स्वतंत्र आयुक्तालय आहे, तिकडच्यांनी तिथे जायचं. ग्रामीण हद्दीत जिल्हाधिकारी कार्यालय. तुमचा पत्ता कुठल्या हद्दीत येतो त्यावर हे ठरतं, रेंज कुठे आहे त्यावर नाही. वाकड, हिंजवडी, म्हाळुंगे भागातल्यांनी आपलं पोलीस ठाणं कोणत्या आयुक्तालयात येतं ते आधी पाहावं; चुकीच्या खिडकीवर रांग लावण्यात अख्खी सकाळ जाते.

अर्जदाराचं वय २१ पूर्ण हवं. ओळख आणि पत्त्याचे पुरावे, शारीरिक-मानसिक तंदुरुस्तीचं वैद्यकीय प्रमाणपत्र, शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा दाखला, घरी ते कुठे आणि कसं ठेवणार याची हमी, हे सगळं लागतं. कारणाच्या रकान्यात खेळ लिहायचं आणि त्याला आधार म्हणून क्लबचं सदस्यत्व, स्पर्धांची गुणपत्रकं जोडायची. महाराष्ट्र रायफल असोसिएशनची कॅप्टन इझीकेल राज्य स्पर्धा, मग अखिल भारतीय मावळंकर स्पर्धा, अशी ही शिडी आहे. ज्यांच्या नावाने ती भरते ते गणेश वासुदेव मावळंकर लोकसभेचे पहिले सभापती आणि १९५१मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडियाचे पहिले अध्यक्ष. एअर पिस्तुलात दोन-तीन स्पर्धा खेळल्याचे कागद फाईलमध्ये असले की चौकशीला आलेल्या पोलिसालाही प्रकरण लवकर समजतं.

.२२ हे निषिद्ध बोअरमध्ये (सर्वसामान्यांना बंदी असलेल्या नळीच्या मापांत) येत नाही, त्यामुळे परवाना स्थानिक पातळीवर मिळतो. २०१९च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण परवानाधारकाला जास्तीत जास्त दोन शस्त्रं ठेवता येतात आणि परवान्याची मुदत पाच वर्षांची झाली. नामांकित नेमबाजांना जास्त शस्त्रांची मुभा आहे, पण त्यासाठी राष्ट्रीय स्पर्धेत ठरावीक गुण काढावे लागतात. म्हणूनच पहिलं पिस्तूल निवडताना दोनपैकी एक जागा आपण खर्च करतोय याचं भान ठेवा. आणि परवाना हातात पडायच्या आधी कुणालाही विसार देऊ नका. परवान्यावर शस्त्र घ्यायची मुदत लिहिलेली असते, ती पुरते. घेतल्यावर ते दाखवून नोंद करून घ्यायची असते, ते विसरू नका.

बाजारात नेमकं काय मिळतं

साध्या परवानाधारकाला थेट परदेशातून पिस्तूल मागवणं व्यवहारात जमत नाही. आयातीची वाट मुख्यतः नामांकित नेमबाज आणि संघटनांमार्फत जाते. त्यामुळे आपल्यासमोर येतं ते बहुधा कुणीतरी वापरलेलं मॅच पिस्तूल, तेही लाखांच्या घरातलं. अमेरिकन व्हिडिओंत सतत दिसणारे रुगर मार्क फोर किंवा ब्राउनिंग बक मार्क आपल्याकडे क्वचित. आपल्याकडे गाठ पडते ती पार्डिनी एसपी, वॉल्थर जीएसपी किंवा एसएसपी, हॅमर्ली, मोरिनी, फाइनवेर्कबाऊ अशा युरोपीय नावांशी.

विकणारा ‘मॅच पिस्तूल आहे’ म्हणाला तर पहिला प्रश्न विचारा: फ्री पिस्तूल की स्पोर्ट पिस्तूल? ५० मीटरचं फ्री पिस्तूल एका वेळी एकच गोळी घेतं, त्याची लाकडी मूठ अख्ख्या हाताला वेढते आणि ट्रिगरच्या वजनाला किमान मर्यादाच नसते; नुसत्या स्पर्शाने सुटतो. २०१६च्या रिओ ऑलिम्पिकनंतर हा प्रकार ऑलिम्पिकमधून गेला. वस्तू म्हणून सुंदर, पण २५ मीटरच्या खेळात निरुपयोगी आणि नवशिक्याच्या हातात धोक्याची.

.२२ रिव्हॉल्व्हरही कुणीतरी सुचवेल. आखूड नळी, छोटी साईट (नेम धरायची खूण), लांबलचक ट्रिगर. टार्गेटसाठी नकोच.

स्पर्धेची मापं पाठ करून ठेवा, कारण पुढे कधीतरी खेळावंसं वाटतंच: वजन १४०० ग्रॅमपर्यंत, नळी १५३ मिलिमीटरपर्यंत, पुढच्या-मागच्या साईटमधलं अंतर २२० मिलिमीटरपर्यंत, ट्रिगर किमान १००० ग्रॅम, आणि अख्खं पिस्तूल ३०० × १५० × ५० मिलिमीटरच्या पेटीत बसलं पाहिजे. साईट उघडीच, लाल ठिपक्याची किंवा दुर्बिणीची चालत नाही.

मूठ: इथे घाई करू नका

मला विचाराल तर निम्मा निर्णय इथेच होतो. टार्गेट पिस्तुलाची ग्रिप लाकडाची, तळहाताच्या आकाराची असते. ती लहान-मध्यम-मोठी अशा मापांत आणि डाव्या-उजव्या हातासाठी वेगळी येते. युरोपीय मध्यम माप आपल्याकडच्या बऱ्याच हातांना, विशेषतः मुलींच्या, मोठं होतं.

तपासायची रीत अशी. पिस्तूल रिकामं आहे याची खात्री करा: मॅगझिन बाहेर, चेंबर (काडतूस बसतं ती जागा) डोळ्याने बघितलेलं, सेफ्टी फ्लॅग (चेंबर रिकामं असल्याची रंगीत खूण) आत. रेंजवरच, नळी टार्गेटकडे. डाव्या हाताने नळीकडून धरून ते उजव्या तळहातात सरकवा, अंगठा आणि तर्जनीमधली खाच जितकी वर जाईल तितकी जाऊ द्या. खालचा तळहाताचा आधार फार घट्ट न करता नुसता टेकवा. आता डोळे मिटा, हात उचलून टार्गेटच्या दिशेने न्या, एक श्वास घ्या आणि डोळे उघडा. माशी मागच्या खाचेच्या मधोमध दिसली तर मूठ तुमची. दर वेळी माशी डावीकडेच किंवा उजवीकडेच पडत असेल, तर मूठ मनगट वळवतेय. वर-खाली होत असेल तर ग्रिपचा कोन बघा, बऱ्याच पिस्तुलांत तो थोडा बदलता येतो. हे पाच-सात वेळा करा, मध्ये हात पूर्ण सोडून. एकदाच केलं तर मन आपोआप दुरुस्ती करतं आणि आपण फसतो.

मग तर्जनी बघा. पहिल्या पेराचा मांसल मध्य ट्रिगरवर यायला हवा आणि बोटाची बाजू लाकडाला कुठेही टेकता कामा नये. टेकत असेल तर ट्रिगर दाबताना बोट मुठीलाच ढकलतं आणि गोळी बाजूला जाते. ट्रिगरचं पातं पुढे-मागे सरकवायची सोय असते. ते तुमच्या बोटापर्यंत येतं का ते पाहा.

थोडंफार कमीजास्त असेल तर कानस आणि लाकडाचं पुट्टी यावर काम होतं. सगळे जुने नेमबाज तेच करतात. पण ग्रिप पिस्तुलावरून उतरवूनच घासायची. लाकडाचा भुसा यंत्रणेत गेला की कामाला लागाल. आणि मोठी मूठ घासून लहान होते, लहानाला पुट्टी भरून मोठं करायला जास्त कसब लागतं. तळहाताच्या आधाराचा कोन मुठीशी ९० अंशांपेक्षा कमी होता कामा नये, नाहीतर शस्त्र तपासणीतच बाहेर.

ट्रिगर

टार्गेट पिस्तुलाचा ट्रिगर दोन टप्प्यांचा असतो. पहिल्या टप्प्यात बोट सहज मागे जातं, मग भिंत लागते, आणि त्या भिंतीवर थोडा दाब वाढवला की सुटतं. भिंत स्पष्ट हवी. भिंतीनंतर ट्रिगर रखडत, खरडत सरकत असेल तर तो नीट जुळवलेला नाही किंवा झिजलाय.

स्पर्धेत तपासणीला एक किलोचं वजन लावतात. नळी सरळ वर धरून, ट्रिगरला वजन अडकवून पिस्तूल उचलायचं. हातोडा पडला नाही तर पास, तीन प्रयत्न मिळतात. खरेदीच्या वेळी हेच करा, कुठल्याही रेंजवर हे वजन असतं. विकणारा कौतुकाने ‘एकदम हलका केलाय’ म्हणाला तर सावध व्हा. किलोखालचा ट्रिगर स्पर्धेत चालत नाही, आणि मर्यादेबाहेर हलका केलेला कधी एका दाबात दोन गोळ्याही सोडू शकतो. इलेक्ट्रॉनिक ट्रिगर स्वच्छ सुटतात, पण बॅटरी आणि सर्किट आलं. पुण्यात त्याची दुरुस्ती कोण करणार याचं उत्तर नसेल तर यांत्रिकच घ्या.

रिमफायरमध्ये रिकामं पिस्तूल नुसतंच चालवू नका. या काडतुसात पेटवणारं रसायन पितळी कडेच्या आत असतं, म्हणून पिन कडेवर आपटते. काडतूस नसेल तर ती थेट चेंबरच्या काठावर आदळून तिथे खळगा पाडते. मॅच पिस्तुलांत ड्राय फायरची, म्हणजे काडतुसाशिवाय ट्रिगर दाबायची, वेगळी सोय असते. ती चालू आहे का ते विकणाऱ्यालाच करून दाखवायला सांगा. गोळी न उडवता घरी केलेला सराव हाच खरा सराव, त्यामुळे ही सोय नसलेलं पिस्तूल मी घेणार नाही.

वजन, तोल, साईट

१००० ते १२०० ग्रॅमच्या आसपासचं पिस्तूल बहुतेकांना झेपतं. नळी थोडी पुढे जड असली की हात कमी थरथरतो, पण साठाव्या गोळीला खांदा काय म्हणतो ते दुकानात कळत नाही. क्लबच्या पिस्तुलावर पूर्ण सामना खेळूनच कळतं. पार्डिनी, जीएसपी यांचं मॅगझिन ट्रिगरच्या पुढे असतं. त्यामुळे वजन पुढे जातं आणि मूठ हाताच्या आकाराची करायला मोकळीक मिळते.

मागच्या साईटच्या खाचेची रुंदी बदलता यावी. माशीच्या दोन्ही बाजूंना दिसणारी प्रकाशाची रेघ पुरेशी जाड हवी. चाळिशी उलटली असेल तर नेहमीच्या चष्म्याने माशी धूसर दिसेल. डोळ्यांच्या डॉक्टरांना माशीपर्यंतचं अंतर मोजून सांगा, लांबच्या नंबरवर साधारण अर्धा ते पाऊण डायऑप्टर अधिक दिला की माशी स्वच्छ होते. टार्गेट थोडं अस्पष्ट झालं तरी चालतं.

काडतूस

घोडं इथेच अडतं. एका सामन्याला साठ गोळ्या आणि वर सरावाच्या पाच-दहा. आठवड्यातून दोनदा रेंजवर गेलात तर महिन्याला पाचशेच्या वर लागतात. परवान्यावर मात्र एका वेळी आणि वर्षभरात किती काडतुसं घेता येतील हे लिहिलेलं असतं, आणि साध्या परवान्यावरचा आकडा खेळाडूच्या भुकेला पुरत नाही. अर्जातच सरावाचा हिशेब मांडून मर्यादा वाढवून मागा. क्लबमार्फत रेंजवर वापरायला काडतुसं मिळतात का, तेही आधी विचारून घ्या.

खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९पासूनचा, त्यामुळे पुणेकराला काडतूस परकं नाही. पण मॅच पिस्तूल खाण्याच्या बाबतीत लाडावलेलं असतं. त्याला ४० ग्रेन वजनाची, शिशाची, मेणाचा हात असलेली, स्टँडर्ड वेगाची गोळी हवी. एली, एसके, आरडब्ल्यूएस, लापुआ ही नावं रेंजवर ऐकाल. हाय व्हेलॉसिटी काडतुसं टाळा. वेग जास्त म्हणजे नेम चांगला, हा गैरसमज आहे. उलट स्लाईड (गोळी सुटल्यावर मागे सरकणारा भाग) जोरात आपटून पिस्तुलाचे भाग झिजतात.

एकच ब्रँड दोन पिस्तुलांत वेगळा वागतो. हात टेकवून, २५ मीटरवर, प्रत्येक प्रकारच्या दहा-दहा गोळ्या मारून गट बघा. प्रिसिजन (सावकाश नेमाच्या) टार्गेटचं दहाचं वर्तुळ ५० मिलिमीटरचं आहे; टेकवून मारलेला गट त्याच्या आत आरामात बसायला हवा. बसला की त्याच लॉटचे (कारखान्यातल्या एकाच खेपेचे) जमतील तेवढे डबे घ्या. एखादं काडतूस पेटलं नाही तर नळी टार्गेटकडेच ठेवा, मोकळा हात वर करा आणि रेंज ऑफिसरला येऊ द्या. उशिरा पेटण्याची शक्यता असते, म्हणून लगेच उघडायचं नाही.

वापरलेलं पिस्तूल बघताना

आधी कागद. परवान्यावरचा आणि पिस्तुलावरचा क्रमांक अंक-अंक जुळवा. आयात केलेलं असेल तर विक्रीवर अटी असू शकतात. त्या पूर्ण झाल्याचा कागद बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मग चेंबरचा काठ टॉर्चने बघा, मघाशी सांगितलेला खळगा दिसतो का. नळीचं तोंड बघा. काठावर ओरखडा असेल तर गट बिघडतो. नळीच्या आतल्या शिशाच्या थरामुळे घाबरू नका, तो निघतो. गंजाचे खड्डे निघत नाहीत. सगळी मॅगझिनं एकेक करून भरून चालवा. .२२ अडकण्याच्या बहुतेक तक्रारी मॅगझिनच्या वाकलेल्या ओठांच्या असतात, आणि नवीन मॅगझिन मिळवणं आपल्याकडे दिव्य आहे. दोनपेक्षा कमी असतील तर भाव पाडा. शेवटी विकणाऱ्यासोबत रेंजवर पन्नासेक गोळ्या मारा, शेवटचे पाच-पाचचे गट झटपट. सावकाश मारताना नीट चालणारं पिस्तूल दहा सेकंदांच्या फेरीत अडखळतं. ‘रेंजवर कशाला, मी सांगतो ना’ असं म्हणणाऱ्याला नमस्कार करून निघा.

पिस्तुलाबरोबर कानाचे मफ, चष्मा, सेफ्टी फ्लॅग आणि कुलपाची पेटी यांचाही खर्च धरा.

घरी आणि वाटेत

पुण्याच्या जुलैत कपाटातल्या चपलांना बुरशी येते, तिथे पोलादाचं काय. फोमच्या पेटीत पिस्तूल महिनोन्‌महिने ठेवू नका, फोम दमटपणा धरतो. कुलूपबंद लोखंडी कपाट, सिलिका जेलच्या पुड्या, बाहेरून तेलाचा पुसट हात. काडतुसं वेगळ्या कुलपात. नळी दर वेळी घासायची गरज नसते, चेंबर आणि बोल्टचं (काडतुसामागच्या सरकत्या भागाचं) तोंड मात्र प्रत्येक सरावानंतर पुसा.

रेंजवर नेताना पिस्तूल रिकामं, पेटी कुलूपबंद, मूळ परवाना जवळ. परवाना कुठल्या क्षेत्रापुरता आहे तेही वाचा; महाराष्ट्रापुरता असेल आणि स्पर्धा दिल्लीत असेल, तर क्षेत्र वाढवून घ्यायला वेळ लागतो. निवडणुका लागल्या की शस्त्रं जमा करायचा आदेश निघतो. रायफल असोसिएशनच्या स्पर्धक सदस्यांना त्यातून सूट मिळू शकते, पण ती आपोआप मिळते असं समजून घरी बसू नका. आचारसंहिता जाहीर झाली की त्याच आठवड्यात सदस्यत्वाचा दाखला आणि स्पर्धेचं वेळापत्रक जोडून अर्ज द्या, आणि पोच घ्या.